तवक्कुल आणि अर्धवट औषध

रोग बरा करणारा अल्लाहच आहे, हा आपल्या श्रद्धेचा पाया आहे. सूरह शुअरामध्ये हजरत इब्राहीम (अलै.) आपल्या कौमला आपल्या पालनकर्त्याची ओळख करून देतात. तो मला खाऊ घालतो, पाणी पाजतो आणि मी आजारी पडतो तेव्हा तोच मला शिफा देतो, असा त्यांच्या बोलण्याचा आशय आहे. येथे अन्न, पाणी आणि शिफा या तिन्हींचा उल्लेख एकाच ओघात आला आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. अन्नाविषयी आपला कधी गोंधळ होत नाही. भूक भागविणारा अल्लाह आहे म्हणून चूल विझवून बसलेला मनुष्य आपल्या पाहण्यात नाही. शेतकरी पेरतो, घरातील स्त्री भाकरी थापते आणि जेवण झाल्यावर आपण 'अल्हम्दुलिल्लाह' म्हणतो. औषधाच्या बाबतीत मात्र हीच सरळ गोष्ट अवघड होऊन बसते.

सातारा आणि सांगली या आपल्या दोन जिल्ह्यांत हा प्रश्न विशेषतः क्षयरोगाच्या, म्हणजे टीबीच्या निमित्ताने उभा राहतो. जुम्याच्या नमाजनंतर इमामाजवळ थांबणाऱ्या माणसांच्या बोलण्यात तो अनेक रूपांनी येतो. मुलाने दोन महिने गोळ्या घेतल्या, आता खोकला थांबला आहे, वजनही वाढले आहे. पुढच्या चार महिन्यांच्या गोळ्या घेतल्याच पाहिजेत काय? अल्लाहवर सोपविले तर चालणार नाही काय? औषध घेणे फर्ज नाही, असे आपल्या किताबांत आहे ना? असे विचारणारी माणसे बेफिकीर नसतात. गोळ्यांनी मळमळते, पोटात आग पडते, कामावर जाता येत नाही, आणि घरातील वडीलधारी मंडळी सब्र करण्याचा सल्ला देतात. त्यांच्या प्रश्नाला घाईने दिलेले उत्तर त्यांच्यावर अन्याय करील. म्हणून त्याचा मुळापासून विचार केला पाहिजे.

फुकहांच्या तीन पायऱ्या

औषधोपचार फर्ज नाही, हे मत आपल्या पूर्वसूरींच्या लिखाणात खरोखरच आढळते. प्रश्न आहे तो त्या मतामागील कारणाचा. हनफी फिक्हच्या 'फतावा आलमगिरी' या ग्रंथात अपाय दूर करणाऱ्या साधनांचे तीन वर्ग केले आहेत. पहिला वर्ग निश्चित साधनांचा. तहानेवर पाणी आणि भुकेवर भाकरी ही त्याची उदाहरणे. दुसरा वर्ग ज्यांचा गुण येण्याचा संभव आहे अशा साधनांचा. रक्त काढणे, जुलाब देणे आणि वैद्यकातील इतर उपाय यांची गणना तेथे केली आहे. तिसरा वर्ग ज्यांचा परिणाम केवळ कल्पनेतला आहे अशा साधनांचा. डागणे आणि मंत्र-फुंकर हे त्यात येतात. इमाम गझाली यांनीही 'इह्या'मध्ये तवक्कुलच्या प्रकरणात हीच विभागणी मांडली आहे.

आता प्रत्येक वर्गाचा हुकूम पाहा. निश्चित साधन सोडणे हा तवक्कुल नव्हे. मृत्यूची भीती असताना ते सोडणे हराम आहे. पाणी समोर असताना तहानेने मरणारा मनुष्य अल्लाहवर भरवसा ठेवणारा ठरत नाही, तो स्वतःच्या जिवाचा गुन्हेगार ठरतो. तिसऱ्या वर्गातील साधने सोडणे तवक्कुलला शोभणारे आहे. हिशोबाविना जन्नतमध्ये जाणाऱ्या सत्तर हजारांविषयीच्या हदीसमध्ये डागून न घेणे, फुंकर न मागणे आणि शकुन न पाहणे यांचाच उल्लेख आहे. मधल्या वर्गाविषयी फुकहा सांगतात की ते साधन वापरल्याने तवक्कुलला बाधा येत नाही आणि ते सोडल्याने गुन्हा होत नाही.

लोक ज्या मताचा आधार घेतात ते मत या मधल्या पायरीचे आहे. औषध न घेणाऱ्याला पूर्वीच्या उलमांनी गुन्हेगार ठरविले नाही, कारण त्यांच्या काळी औषधाचा गुण येईलच, अशी खात्री कोणालाही देता येत नव्हती. हुकूम आपल्या इल्लतबरोबर, म्हणजे कारणाबरोबर चालतो, हे फिक्हचे सर्वमान्य तत्त्व आहे. कारण बदलले की हुकूमही जागा बदलतो. तेव्हा विचारायचे ते असे: क्षयाचे औषध आज कोणत्या पायरीवर उभे आहे? आणि एखादा उपाय संभाव्याच्या पायरीवरून निश्चिताच्या पायरीकडे नेतो कोण? माझ्या समजुतीप्रमाणे हेच काम वैद्यकीय संशोधन करते, आणि क्षयाच्या बाबतीत ते त्याने बऱ्याच अंशी पुरे केले आहे.

हवा, विश्रांती आणि साक्षीदार

या दृष्टीने आपल्याच परिसराचा इतिहास बोलका आहे. पाचगणीला डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये बेल-एअर हे क्षयरुग्णांचे आरोग्यधाम सुरू केले. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशनचे रुग्णालय उघडले आणि पुढे सांगली व मिरज यांच्या दरम्यान त्यांच्याच नावाच्या वानलेसवाडीला क्षयरुग्णांसाठी स्वतंत्र आरोग्यधाम उभे राहिले. त्या काळी क्षयावरचा उपचार म्हणजे स्वच्छ हवा, विश्रांती, दूध-अंड्यांचा आहार आणि काही रुग्णांच्या बाबतीत फुप्फुसाभोवती हवा भरून त्याला विसावा देण्याची क्रिया. रोगी तेथे कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षे राहत. काही बरे होऊन घरी परतत, काही परतून पुन्हा आजारी पडत, आणि पुष्कळजण तेथेच डोळे मिटत.

जे बरे झाले ते हवेने बरे झाले काय? याचे उत्तर त्या काळी कोणालाही देता येत नव्हते. त्याचे कारण क्षयाच्या स्वभावातच आहे. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी जगापुढे मांडला. पुढील अभ्यासातून दिसले की हा जंतू ज्यांच्या शरीरात शिरतो त्यांपैकी बहुतेकांना रोग होतच नाही. शरीर त्याच्याभोवती जणू कुंपण घालते आणि तो वर्षानुवर्षे तेथे निजून राहतो. शंभर बाधितांपैकी साधारण पाच ते दहा जणांनाच आयुष्यात केव्हातरी प्रत्यक्ष क्षय होतो. कुपोषण, मधुमेह, एचआयव्ही, तंबाखू किंवा अतिश्रम यांनी शरीर खचले की ते कुंपण मोडते. प्रत्यक्ष आजारी पडलेल्यांतही काहीजण कोणत्याही औषधाविना सावरतात.

अशा रोगावर कोणताही उपाय करा, त्याला साक्षीदार मिळणारच. शेळीच्या दुधाला मिळतील, सुवर्णभस्माला मिळतील, ताविजालाही मिळतील. साक्षीदार खोटे बोलत नसतात. ते खरोखरच बरे झालेले असतात. पण 'हा उपाय केला आणि बरा झालो' आणि 'या उपायाने बरा झालो' या दोन वाक्यांत मोठे अंतर आहे. जे गेले त्यांची साक्ष कोण काढणार? हदीसची सनद तपासताना आपले मुहद्दिस एखाद्याच्या नेकीवर न थांबता त्याच्या स्मरणाची आणि भेटीगाठींचीही छाननी करीत. उपायाविषयीच्या साक्षीला ती छाननी लावण्यास आपल्याला संकोच का वाटावा?

आपल्या परंपरेतील थोर हकीमांना हे अंतर माहीत होते. इ.स. ९२५ च्या सुमारास निधन पावलेले अबू बक्र अल-राझी यांनी मेंदूच्या सुजेच्या रोगात काही रुग्णांचे रक्त काढले आणि दुसऱ्या काही रुग्णांचे मुद्दाम काढले नाही, म्हणजे त्यावरून मत बनविता येईल, अशी नोंद त्यांच्या 'अल-हावी' या ग्रंथात आहे. इब्न सीना यांनी 'कानून'मध्ये औषधाची पारख कशी करावी याचे नियम घालून दिले, आणि ती पारख मनुष्याच्या शरीरावरच झाली पाहिजे, असा आग्रह धरला. तुलनेविना ज्ञान नाही, हा विचार परका नाही. तो आपल्याच घरातून बाहेर पडून मोठा होऊन परत आला आहे.

संभवाकडून खात्रीकडे

क्षयाच्या बाबतीत ही तुलना नीट बांधली गेली ती ब्रिटनमध्ये, आणि तिचा निष्कर्ष १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध नुकतेच सापडले होते आणि त्या देशाजवळ त्याचा साठा फार थोडा होता. सर्वांना देणे शक्यच नव्हते. तेव्हा १०७ रुग्ण निवडले गेले. कोणाला औषध मिळावे हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता आधीच काढलेल्या चिठ्ठ्यांसारख्या यादीने ठरविले. ५५ जणांना विश्रांतीबरोबर औषध मिळाले, ५२ जणांना केवळ विश्रांती, म्हणजे त्या काळचा रूढ उपचार. सहा महिन्यांनी औषध मिळालेल्यांपैकी ४ आणि न मिळालेल्यांपैकी १४ रुग्ण मरण पावले होते. 'औषधाने बरे झाले' असे म्हणण्यास आता आधार मिळाला.

त्याच अभ्यासाने दुसरीही गोष्ट दाखविली, आणि आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने ती अधिक मोलाची आहे. सुधारलेले अनेक रुग्ण काही महिन्यांनी पुन्हा खालावले. फुप्फुसातील कोट्यवधी जंतूंत काही मोजके जंतू असे असतात की ज्यांच्यावर त्या औषधाचा परिणाम होत नाही. औषध बाकीच्यांना मारते आणि या मोजक्यांना मोकळे रान मिळते. पुढे दोन औषधे एकत्र देऊन पाहिली तेव्हा हा प्रकार पुष्कळ कमी झाला. आज एकाच वेळी तीन-चार औषधे का देतात, याचे उत्तर येथे आहे.

तिसरा टप्पा आपल्या देशात घडला. १९५६ मध्ये मद्रासला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून एक केंद्र सुरू केले. शहरातील गरीब वस्तीतील सुमारे दोनशे क्षयरुग्णांपैकी काहींना आरोग्यधामात ठेवले आणि काहींना त्यांच्या घरीच ठेवून तीच औषधे दिली. घरी राहणाऱ्यांना ना मोकळी हवा होती, ना विश्रांती, ना पुरेसे दूध-अंडी. वर्षाअखेरीस दोन्ही गटांची प्रगती जवळजवळ सारखी निघाली. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे, घरी राहून औषध घेणाऱ्यांच्या कुटुंबीयांना अधिक प्रमाणात लागण झाली, असेही आढळले नाही. पाचगणीच्या हवेचा आणि वानलेसवाडीच्या झाडांचा अपमान करण्याचे कारण नाही. त्यांनी हजारोंना आसरा दिला. पण गुण औषधात होता, हे मद्रासच्या झोपड्यांनी सिद्ध केले.

नंतरच्या दशकांत नवी औषधे आली आणि उपचाराची मुदत वर्ष-दीड वर्षावरून सहा महिन्यांवर आली. सहाच महिने का? औषध सुरू झाल्यावर भराभर वाढणारे जंतू पहिल्या काही आठवड्यांत मरतात, म्हणून खोकला थांबतो, ताप उतरतो, भूक लागते. पण काही जंतू संथ, निजल्यासारखे असतात आणि औषध त्यांच्यापर्यंत फार सावकाश पोहोचते. उरलेले महिने त्यांच्यासाठी आहेत. ही मुदत कोणी अंदाजाने ठरविलेली नाही. त्याहून कमी काळ उपचार घेतलेल्या रुग्णांत रोग किती जणांना उलटला, हे मोजून ती ठरली आहे. दोन महिन्यांनी 'बरा झालो' म्हणणारा मनुष्य खोटे बोलत नाही. त्याला जे दिसते ते तो सांगतो. जे त्याला दिसत नाही ते संशोधनाने पाहिले आहे.

आता हुकूम काय?

साध्या क्षयावर औषधांचा पूर्ण कोर्स नियमित घेणारे बहुसंख्य रुग्ण बरे होतात, आणि न घेणाऱ्यांपैकी फार मोठा भाग काही वर्षांत दगावतो. इतके कळल्यावर हे औषध रक्त काढण्याच्या किंवा जुलाबाच्या पंक्तीला बसविता येईल काय? ते भाकरी आणि पाण्याइतके निश्चित नसेल, पण त्यांच्या शेजारी जाऊन बसले आहे. जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९९२ मधील सातव्या अधिवेशनात या प्रश्नावर ठराव केला. औषधोपचाराचा हुकूम रोगाप्रमाणे आणि व्यक्तीप्रमाणे बदलतो, असे सांगून अकादमीने ठरविले की उपचार सोडल्याने जीव, अवयव किंवा शरीरसामर्थ्य गमावण्याची वेळ येत असेल, किंवा रोग दुसऱ्याला लागणारा असेल, तर उपचार घेणे वाजिब आहे. क्षयाला या दोन्ही अटी लागू पडतात.

यावर काहीजण त्या स्त्रीची आठवण करून देतात, जिला अपस्माराचे झटके येत. तिने प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे दुआ मागितली तेव्हा त्यांनी तिच्यापुढे दोन पर्याय ठेवले: सब्र केलास तर जन्नत, आणि हवे असेल तर शिफासाठी दुआ. तिने सब्र निवडला, आणि झटक्यात अंगावरचे वस्त्र सरकू नये एवढीच दुआ मागितली. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांतील ही हदीस थोर आहे. पण तिचा रोग तिचा एकटीचा होता. तिच्या सब्रची किंमत तिच्याखेरीज कोणालाही मोजावी लागत नव्हती. क्षयाचा रोगी औषध सोडतो तेव्हा त्याची किंमत त्याच खोलीत निजणारी आई, लहान भाऊ, आणि कामावरचा सोबती मोजतो. दुसऱ्याच्या छातीवर केलेला सब्र हा सब्र नव्हे. अपाय सोसू नये आणि अपाय करू नये, हे नबवी तत्त्व फिक्हच्या पाच पायाभूत नियमांपैकी एकाचा आधार आहे, आणि ते येथे थेट लागू होते.

अर्धवट सोडलेले औषध तर मुळीच न घेतलेल्या औषधापेक्षाही एका अर्थी घातक आहे. त्यातून वाचलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात, आणि पुढे ज्याला लागण होते त्याला पहिल्या दिवसापासूनच ते दाद न देणारे जंतू मिळतात. अशा रोगावर कालपरवापर्यंत दीड-दोन वर्षे उपचार घ्यावे लागत, आणि त्यातील काही इंजेक्शनांनी कित्येकांची श्रवणशक्ती गेली. ज्याने स्वतः कधी एकही गोळी चुकविली नाही, त्याला दुसऱ्याच्या चुकविलेल्या गोळ्यांचा भोग भोगावा लागतो.

रोग आपोआप लागत नाही, असे हदीसमध्ये आहे, हेही पुढे केले जाते. त्याच प्रेषितांनी (स.) आजारी उंट निरोगी उंटांत मिसळू नयेत, अशी ताकीद दिली आहे. दोन्ही वचने एकत्र वाचली की अर्थ उघड होतो: रोगाला स्वतःची सत्ता नाही, पण अल्लाहने त्याला मार्ग ठेवला आहे, आणि त्या मार्गापासून सावध राहण्याची आज्ञाही दिली आहे. साथीच्या शाम देशाकडे जाताना वाटेतून परत फिरणाऱ्या हजरत उमर (रजि.) यांना तकदीरपासून पळता काय, असे विचारले गेले. अल्लाहच्या एका तकदीरपासून अल्लाहच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत, हे त्यांचे उत्तर आपल्यातील प्रत्येक घराला ठाऊक आहे.

दोष कोणाचा?

येथवर जे लिहिले ते वाचून कोणी औषध सोडणाऱ्या रोग्याकडे बोट दाखवील, तर लेखाचा हेतू फसला. वाजिब गोष्ट सुटते तेव्हा ती का सुटली हे पाहणेही दीनचाच भाग आहे. पाटण-जावळीचा माथाडी मुंबईत एका खोलीत दहाजणांबरोबर राहतो. विटा-आटपाडीकडील गलाई कामगार सोने-चांदी आटविण्यासाठी परमुलखात वर्षे काढतो. ऊसतोडीची टोळी कारखान्यामागून कारखान्याकडे सरकत असते. यांच्या गोळ्या श्रद्धेच्या अभावी सुटत नाहीत. गाव बदलते म्हणून सुटतात. सरकारी केंद्रात ही औषधे विनामूल्य मिळतात आणि नोंदणी झालेल्या रुग्णाला दुसऱ्या जिल्ह्यात किंवा राज्यात जाऊनही उपचार पुढे चालू ठेवता येतात, हे कोणी सांगितले तर कित्येक कोर्स पुरे होतील. मळमळ, कावीळ, दृष्टीत फरक असा त्रास झाला तर गोळ्या आपल्या मनाने न सोडता ताबडतोब डॉक्टरांना दाखवावे; औषधांत बदल करता येतो. रमजानमध्ये रोजा ठेवण्याच्या ओढीने गोळ्यांचे वेळापत्रक मोडू नये. आजाऱ्याला रोजा पुढे ढकलण्याची सवलत खुद्द कुरआनने दिली आहे, आणि अल्लाहने दिलेली सवलत नाकारणे ही परहेजगारी नव्हे.

याहून कठीण अडथळा लज्जेचा आहे. घरात टीबी आहे हे कळले तर मुलीचे लग्न जमणार नाही, या भीतीने रोग लपविला जातो. सुनेला माहेरी पाठविले जाते, तिचे ताट-वाटी वेगळे काढले जाते. क्षय ताट-वाटीने पसरत नाही, तो हवेतून पसरतो, आणि योग्य औषध सुरू झाले की बहुधा काही आठवड्यांत त्याची लागण देण्याची शक्ती झपाट्याने ओसरते. मद्रासच्या अभ्यासाने हेच तर दाखविले की रोग्याला घराबाहेर काढण्याची गरज नाही. जो समाज रोग्याला शरमेने लपण्यास भाग पाडतो, त्याला त्या रोग्याने औषध सोडल्याबद्दल जाब विचारण्याचा अधिकार उरत नाही.

समाजाला करण्यासारखे आणखी एक काम संशोधनानेच दाखवून दिले आहे. २०१९ ते २०२२ या काळात झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या कुटुंबांवर एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. धान्याची मदत रुग्णांना सर्वत्र मिळाली. पण काही भागांत त्यांच्या घरच्या माणसांनाही दरमहा तांदूळ, तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या गेल्या. ज्या घरांत ही जादा मदत पोहोचली तेथे क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी राहिले. डाळ-तांदूळ! भुकेल्याला जेवू घालण्याचे जे सवाब आपण लहानपणापासून ऐकत आलो, त्याचा एक दुनियवी परिणाम येथे मोजला गेला आहे. रमजानमध्ये आपल्या मशिदी धान्याच्या थैल्या वाटतात. त्यांतील काही थैल्या क्षयरुग्णांच्या गरीब घरांना सलग सहा महिने पोहोचल्या, जकातीस पात्र असलेल्यांना जकातीतून आणि बिगरमुस्लिम शेजाऱ्यांना नफ्ल सदक्यातून, तर ते एक मोठे औषध ठरेल.

ज्यांनी हे ज्ञान दिले

आपल्या हाती आलेली सहा महिन्यांची गोळी कोणाच्या तरी शरीरावरून चालत आलेली आहे. १९४८ च्या त्या ५२ रुग्णांना औषध मिळाले नाही. साठाच नव्हता, हे खरे. पण आपण एका तुलनेचा भाग आहोत हेही त्यांना सांगितले गेले नव्हते. आजच्या नीतिनियमांत हे बसत नाही, आणि आपल्या दीनमध्येही बसत नाही. अंतिम आजारात प्रेषितांनी (स.) तोंडात औषध ओतू नका, अशी खूण केली असताना घरच्यांनी ते ओतले. रोग्याला औषध आवडत नाही, एवढाच त्यांनी त्या खुणेचा अर्थ घेतला. शुद्धीवर आल्यावर प्रेषितांनी (स.) नाराजी व्यक्त केली आणि तेच औषध घरात हजर असणाऱ्या सर्वांना देण्यास सांगितले, हजरत अब्बास (रजि.) त्या वेळी तेथे नव्हते म्हणून केवळ ते वगळले गेले. रोग्याचे 'नको' हे प्रेमानेही ओलांडता येत नाही, हा त्यातला धडा. फिक्ह अकादमीच्या वर उल्लेखिलेल्या ठरावात संशोधनाविषयी हीच अट आहे: संमती जाणत्या व्यक्तीची असावी, तिच्यावर कैद्याप्रमाणे दडपण नसावे, गरिबाप्रमाणे पैशाचे आमिष नसावे, आणि संशोधनातून अपाय होऊ नये.

या अटी पाळल्या जात असतील, तर एखाद्या अभ्यासात सहभागी होणे हे नेक काम आहे, असे मला वाटते. माणसाच्या मृत्यूनंतरही ज्यांचे पुण्य चालू राहते त्या तीन गोष्टींत लोकांना उपयोगी पडणारे ज्ञान आहे. ज्याने आपल्या आजाराच्या नोंदी, आपली थुंकी, आपले रक्त आणि आपले सहा महिने देऊन त्या ज्ञानात भर घातली, तो वही-लेखणी न धरताही त्या ज्ञानाचा भागीदार झाला. आणि जो अशा अभ्यासात नाही, पण कोर्स शेवटच्या गोळीपर्यंत नेतो, तोही त्या अनोळखी रुग्णांच्या अमानतीचा मान राखतो.

शेवटी तवक्कुलला जागा उरते कोठे? उरते, आणि पूर्वीइतकीच उरते. पूर्ण कोर्स घेऊनही काहीजण वाचत नाहीत. कोणाचे शरीर कोणत्या औषधाला दाद देईल हे डॉक्टर शंभरांविषयी सांगू शकतो. त्या शंभरांतील आपल्या मुलाविषयी नाही. शंभर आणि एक यांच्यामधली ही जागा अल्लाहच्या हातात आहे, आणि तेथे दुआखेरीज काही पोहोचत नाही. उंट बांधून मग भरवसा ठेवण्यास प्रेषितांनी (स.) सांगितले, दोर अर्धा बांधून नाही. मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यापासून रुग्णालयांपर्यंतचे अंतर थोडे आहे, आणि दूरवरून आलेली माणसे दोन्हीकडे जाताना दिसतात. त्यांनी दुआ अवश्य करावी, मागणे मात्र केवळ अल्लाहकडेच असावे, आणि हातातील गोळ्यांची पट्टी शेवटपर्यंत संपवावी. रोज सकाळी 'बिस्मिल्लाह' म्हणून गोळी घेणे आणि सहा महिन्यांनी 'अल्हम्दुलिल्लाह' म्हणून ती थांबविणे, या दोन शब्दांच्या मधल्या काळात रोग्याचा सब्रही आहे आणि तवक्कुलही.

अल्लाह आपल्या आजाऱ्यांना शिफा देवो, त्यांची सेवा करणाऱ्यांना सवाब देवो, आणि दुसऱ्याच्या अपायाचे निमित्त होण्यापासून आपल्या सर्वांना वाचवो. आमीन.